बांधायची राहिलेली अक्षरं

आमचे हे, म्हणजे देवीदास भोयर, कुठलीही वस्तू मोकळी पाहू शकत नसत. माझ्या माहेरी नागपूरला दिवाळीचा चिवडा पाठवायचा तर डबा कापडात, कापडावर सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर लाख. सासरे मारोतराव दुर्ग स्टेशनावर पार्सल ऑफिसात होते. पोरगं बाराखडीच्या आधी गाठी मारायला शिकलं, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. पुढे हे पोलादाच्या प्लांटच्या स्टोअर्समध्ये क्लार्क म्हणून लागले, आम्हाला भिलाईत प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, आणि ब्याण्णव साली यांनी दुर्गच्या ओमप्रकाशच्या दुकानातून कॉम्प्युटर घरी आणला. त्याला जागा करायला माझं शिलाई मशीन मागच्या व्हरांड्यात गेलं. मी कितीतरी दिवस यांच्याशी धड बोलले नाही. यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

यांना प्रोग्राम लिहिणं कधी जमलं नाही. हे बांधायचे. म्हणजे असं, की दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर त्याच्या सगळ्या फायली दाबून बारीक करायच्या, एका फ्लॉपीत मावत नसतील तर चार फ्लॉप्यांत वाटायच्या, आणि पहिल्या फ्लॉपीत असं काही ठेवायचं, की समोरच्याने एक शब्द टाईप केला की सगळं आपोआप सुटून जागच्या जागी बसावं. हे करणारं एक अवजार ओमप्रकाशने यांना दिलं होतं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती एक ओळ लिहायची. अवजाराचं नाव, मग मशीनमधल्या कुठल्या कप्प्यातलं सामान बांधायचं ते, मग कुठल्या फ्लॉपीवर. एक टिंब चुकलं की मशीन फटकन ‘बॅड कमांड’ म्हणायचं. मला कधी एवढ्या तोंडावर बोलता आलं नाही. त्याचं मात्र हे मुकाट ऐकून घेत.

ज्यांचा प्रोग्राम यांनी बांधला ते बाबाराव हेडाऊ गुरुजी. भिलाईलगतच्या मरोद्याला राहायचे, मराठी शाळेत शिकवायचे, आमच्या पोरीलाही त्यांनीच शिकवलं. इथली आपली पोरं घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदीत शिरतात. मराठीतलं गणित वाचायला दिलं तर आकडे कळतात, वाक्य कळत नाही. गुरुजींना याचं फार वाईट वाटे. पन्नाशीला आलेला हा माणूस पुस्तकं आणून आमच्याच मशीनवर प्रोग्राम लिहायला शिकला आणि त्याने मराठीतल्या गणितांचा एक खेळ तयार केला. आजीने बारा लाडू केले, तिघांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? बरोबर आकडा दाबला की टुंग वाजायचं. चुकला की तेच गणित जरा समजावून पुन्हा यायचं. आमच्या सेक्टरमधली पोरं त्यासाठी भांडत.

आणि त्याच वर्षी गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरचे आणि शेजारचे मात्र रोज ‘बरे व्हाल, बरे व्हाल’ म्हणायचे. गुरुजींचं मागणं वेगळंच होतं. यांना एकदा म्हणाले, “देवीदास, मले एकच पाहाचं हाय. आपला खेळ दुसऱ्याच्या मशीनवर चालला पाहिजे. मंग तो माह्याशिवायबी चालन. तेवढं दिसलं का डोये गेले तरी चालते.”

हे म्हणाले, “दाखवतो गुरुजी.” दिलेला शब्द म्हणजे यांना लाखेचा शिक्का.

आता इथल्या आमच्या मराठी लोकांची एक खोड सांगते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जातानाही प्रत्येक घरची सतरंजी वेगळी, ताटवाटी वेगळी. गुरुजी तर शाळेतही स्वतःचा खडू न्यायचे. त्यामुळे खेळ कुणाला दाखवायचा झाला, की हे पडदा पुढे पायाशी घेत, कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून स्कूटरवर मागे ठेवत आणि त्याच्याही मागे मी तो धरून बसे. मंडळात नेला, शाळेत नेला, खुद्द ओमप्रकाशच्या दुकानात नेला. दुकानात चार मशीनं चालू होती, तरी यांनी आपलीच गोधडी सोडली. ‘जरा तुझ्या मशीनवर टाकून पाहू का’ हे विचारणं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढण्यासारखं वाटायचं यांना. परक्या मशीनवर खेळ कधी चालवून पाहिलाच नाही, आणि तिथेच घात झाला.

नागपूरच्या शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने खेळ पाहायला होकार दिला. फ्लॉप्या घेऊन या, आमच्या मशीनवर टाकून दाखवा, पसंत पडलं तर पुस्तकांसोबत शाळाशाळांत देऊ. गोधडीतला डबा काही रेल्वेने नेता येईना. आदल्या संध्याकाळी गुरुजी आमच्याकडे आले, खुर्ची पडद्याला चिकटवून बसले. यांनी ती एक ओळ लिहिली. मशीन कुरकुरलं, एकेक फ्लॉपी मागत गेलं.

“सगळं आलं ना रे?” गुरुजींनी विचारलं.

“तुमच्या कप्प्यातलं एकबी सुटलं नाही.”

ते खरंच होतं. बांधलेलं आमच्याच मशीनवर पुन्हा सोडून पाहिलं, तर खेळ छान चालला. गुरुजींनी लाडवाचं गणित सोडवलं, टुंग वाजलं. माझ्या हातचा चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या श्यामरावांच्या घरून हाक आली. त्यांच्याकडे फोन होता. नागपूरहून हे बोलत होते. आवाज पार बसलेला.

“वच्छला, अक्षरं नाही येऊन राहिली. खेळ चालते, टुंगबी वाजते. पण पडद्यावर नुसते चौकोन अन् रेघा.”

“मंग आता?”

“तू घरी जाय. मशीन चालू कर अन् मी शिकवलं होतं तसं नावं पाहून ये. अक्षरांची फाईल कुठं हाय ते पाह्य.”

मी धावले. मशीनला स्वतःहून मराठी अक्षरं येत नाहीत, ती दाखवणारी एक वेगळी फाईल लागते. ती ओमप्रकाशने मशीन देतानाच आत टाकून ठेवलेली, रोज मशीनसोबत आपोआप सुरू होणारी. इतक्या दिवसांत ती यांना भिंतीतल्या खुंटीसारखी झाली होती. घर बदलताना कुणी खुंटी बांधून नेतं का? ती गुरुजींच्या कप्प्यात नव्हतीच, बाहेर होती. अवजाराला जो कप्पा सांगितला तेवढाच त्याने बांधला. त्याचं तरी काय चुकलं?

मी परत धावत आले. “हाय. इथंच हाय. नाव दिसलं मले.”



मी म्हटलं, “मी वाचून दाखवू का फोनवर?” हे हसले की त्यांना हुंदका आला, मला कळलं नाही. ज्या फाईलसाठी हे नागपुरात उभे होते ती माझ्या घरी, आत्ताच डोळ्यांनी पाहिलेली, बोट लावावं इतकी जवळ होती. आणि ती तिथे पोचवायला दुर्गहून रेल्वेशिवाय रस्ता नव्हता. प्रकाशकांचे साहेब तासाभरात गावाला निघणार होते. इतकी असहाय मी त्याआधी एकदाच झाले होते, माझा धाकटा तापात गेला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी हे दुर्गला उतरून सरळ मरोद्याला गेले. गुरुजी दारातच बसले होते. चपलांच्या आवाजावरून त्यांनी यांना ओळखलं आणि उठून उभे राहिले. “दिसले का रे अक्षरं?”

“दिसले गुरुजी,” हे म्हणाले. “मस्त दिसले.”

घरी येऊन यांनी हे सांगितलं तेव्हा माझा पारा चढला. “कावून खोटं बोलले? साऱ्या गावानं त्याईले खोटं सांगावं अन् तुमीबी?”

“तोंडातून निंघून गेलं,” हे म्हणाले. “मी आता अक्षरांच्या फाईलसकट पुन्हा बांधतो, पार्सलनं पाठवतो. तिकडं चाललं का खरंच होते मंग.”

यांनी बांधलंही. चार फ्लॉप्या, त्यावर पुठ्ठा, कापड, सुतळी, लाख. पण गुरुजी पडले रीतीभातीचे. कुणी आपलं काम पाहिलं, तर आभार मानायला नकोत? त्यांनी शाळेच्या ऑफिसातून नागपूरला फोन लावला. आभार मानले. पलीकडच्या माणसाने त्यांना जे घडलं ते सांगितलं.

गुरुजी आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या मंडळींनी, अंजनाबाईंनी, मला भाजीबाजारात सांगितलं. त्यानंतर गुरुजी आमच्याकडे यायचे थांबले. हे दोनदा मरोद्याला गेले, दोन्ही वेळा ‘झोपलेत’ म्हणून परत आले. नागपूरला पाठवलेलं पार्सल लाख न फोडता तसंच परत आलं, आणि तोवर गुरुजींची उरलेली नजरही गेली.

तेव्हा कुठे यांनी ओमप्रकाशला विचारलं. कान लाल झाले होते विचारताना. “तुझ्या मशीनवर एक बार टाकू का?” ओमप्रकाश म्हणाला, “अरे भैया, इसमें पूछने की क्या बात है!” पहिली फ्लॉपी गेली, दुसरी, तिसरी, चौथी. मशीन पुन्हा चालू केलं. आणि परक्या पडद्यावर आजी आली, लाडू आले, सगळं मराठीत, ठसठशीत.

यांनी रिक्षा केली आणि अंजनाबाईंच्या हातापाया पडून गुरुजींना दुकानात आणलं. मीही गेले. यांनी गुरुजींना खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात धरून पडद्याच्या काचेवर ठेवला.

“गुरुजी, हे ओमप्रकाशचं मशीन हाय. माहं नाही. अक्षरं आली. आजीने बारा लाडू केले, तिघांना सारखे वाटले.”

गुरुजींनी आकडा दाबला. टुंग वाजलं.

“हे तं तिकडंबी वाजलं होतं,” ते म्हणाले. रागाने नाही. पावसाबद्दल बोलावं तसं.

यांनी ओमप्रकाशला पुढे ओढलं. “तू वाच. तू वाच बाबा.” ओमप्रकाश अडखळत, हिंदीच्या वळणाने वाचू लागला, “आजी ने... बारा लाडू... केले...” अगदी गुरुजींच्या वर्गातल्या पोरांसारखा. मला वाटलं, आता तरी पटेल. ज्याला मराठी येत नाही तो पडद्यावरून नाही तर कुठून वाचणार?

गुरुजी हसले. “त्याच्याकडून पाठ करून घेतलं का रे?”

हे माझ्याकडे वळले. असा चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता. “तू सांग वच्छला. तू तं खोटं नाही बोलत.”

मी गुरुजींच्या पायाशी बसले. “गुरुजी, माह्या पोरीची शप्पथ. अक्षरं दिसून राहिली. सगळी दिसून राहिली.”

गुरुजींनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू तं म्हणशीलच, बाई. त्याचीच बायको हायस तू.” मग यांच्या दिशेने तोंड करून म्हणाले, “लय केलं देवीदास तू माह्यासाठी. आता पुरे. मले घरी सोडून दे.”

हे बाहेर रिक्षा बघायला गेले.