तीन अक्षरे जास्त

सुमिएबाईंची आणि माझी ओळख सहा वर्षांपूर्वी इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटच्या लायब्ररीत झाली. एकतीस अक्षरांची जपानी कविता, तान्का, त्या आम्हा मराठी मंडळींकडून मराठीतही लिहून घेतात असे कळले होते. मी इमारतींची भूकंपतपासणी करणारी इंजिनिअर. मोजणे मला जमणार होते. माझी पहिली कविता बाईंनी बोटांवर मोजली आणि "बरोबर आहे" म्हणाल्या. त्यांच्याकडून मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद.

बाई युद्धानंतरच्या जपानमध्ये वाढल्या. शाळकरी वयातच एका तान्का-मासिकात लिहू लागल्या; अंक छापण्यासाठी मजकूर मेणकागदाच्या स्टेन्सिलवर कोरण्याचे कामही त्याच करत. लग्नानंतर इथे आल्या, रोपवाटिकेत नोकरी केली आणि लिहीत राहिल्या.

बैठकीची शिस्त त्यांनी तिकडचीच ठेवली आहे. कविता निनावी टाइप होतात, एकजण त्या वाचतो, बाईंना इंग्रजीत अर्थ सांगतो, बाईंना आवडली तर एका कवितेवर त्या लाल वर्तुळ काढतात. मग प्रत्येकाने उठून आपली कविता म्हणायची. टायपिंग माझ्याकडे असते. वर्तुळ मला कधी मिळालेले नाही.

गेल्या वर्षी आई पुण्याहून आली. बैठकीला आली त्या पहिल्याच दिवशी बाईंनी तिला शेजारी बसवले, घरी घातलेले प्लमचे लोणचे दिले. मला इतक्या वर्षांत चहाच मिळाला होता. आईने कविता लिहिली: लेक वेलिंग्टनच्या गाडीने कामाला जाते, गाडी दिसेनाशी होते, आई प्लॅटफॉर्मवर अजून उभी. चौतीस अक्षरे भरली. टाइप करताना मी 'अजून' काढून टाकले. नियम म्हणून काढले, असे स्वतःला सांगितले. खरे तर कविता त्याच शब्दात होती, आणि ते मला दिसले होते.

वाचन झाले. वर्तुळ कुणालाच मिळाले नाही. मग आईने उठून कविता पाठ म्हटली. बाईंची बोटे एकतीसवर थांबली नाहीत.

"अगं, माझा एक शब्द खाल्लास की," आई मला म्हणाली. सगळे हसले; बाई हसल्या नाहीत. त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला, तो मला माझ्या हाताने कागदावर लिहायला लावला, आणि मग वर्तुळ काढले.

नंतर कप विसळताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीही मेणकागदावर मैत्रिणीचा एक शब्द गाळला होता. कविता चांगली होती म्हणून."

तिला सांगितलेत का, मी विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "राहिलं. तू आजच सांग."

मी गाडीतच सांगितले. आई म्हणाली, "कळलं होतं मला. लहानपणीही माझी रांगोळी पुसून सरळ करायचीस."

तो कागद आईने पुण्याला नेला. त्याचा हेवा मला आजही वाटतो.

यंदा बाईंची पंचाहत्तरी; त्यांना यापुढेही भरपूर, निरोगी आयुष्य लाभावे. ही इच्छा निःस्वार्थ नाही. मला त्यांच्या हातचे वर्तुळ हवे आहे, आणि मला वेळ लागणार आहे.