गंबोतली भेंडी

मी निलंग्याकडचा, लग्नातला आचारी. शाळेत गेलो ते बी खिचडी शिजवायला, शिकायला न्हाई. पोरगी मात्र नांदेडला हॉटेलाचं शिकायला ठेवली. म्हणलं, घरात एक तरी डोकं असावं. तर त्या डोक्यानं एक दिवस फोन केला, "अप्पा, आमच्या कॉलेजात कार्निवल हाय. तुमची मोठी पातेली घेऊन या."

कार्निवल म्हणजे काय, तर अमेरिकेत खाली दक्षिणेला लुइझियाना म्हणून मुलूख हाय. तिथले लोकं मोठे उपवास धरायच्या आधी मुखवटे घालून नाचतात आन पोट फुटंस्तोवर खातात.

"मंग सरळ गटारी म्हण की," म्हणलो.

"अप्पा, सरांपुढं असलं काही बोलू नका हं."

ती धसकली होती त्याला कारण होतं. ते जेवण म्हणजेच तिची परीक्षा. हैद्राबादच्या एका मोठ्या हॉटेलातले शेफ, मूळचे मराठीच, चाखायला येणार होते. ज्याचं त्यांना पटंल त्याला तिथं नोकरी. पोरगी कधीपासून ह्याच नोकरीचा जप करून राहिली होती. तिच्या वाट्याला आलतं गंबो. तिथल्याच क्रिओल लोकांचा खेकडा-झिंग्याचा रस्सा, भातासंगं खायचा.

सकाळपासून तिनं मला पार बेजार केलं. गरम मसाला टाकू का? न्हाई. खोबरं? न्हाई. थोडी कोथिंबीर? "अप्पा!" ह्यांची फोडणी म्हणजे कांदा, ढोबळी मिरची आन सेलरी नावाची काडी. दिसायला कोथिंबिरीची थोरली जाऊ, चवीला रुसलेली. म्या नुसतं नाक लावलं तरी पोरगी डोळे वटारायची. गप बसलो तर म्हणायची, "आता गप का बसले?" शेवटी वैतागून तिनं माझ्यापुढं भेंडीची टोपली ठेवली. "एवढी तयार करून द्या. बाकी कशाला हात लावू नका."

आता भेंडी मला कुणी शिकवायची का? म्या एकेक भेंडी फडक्यानं पुसली, पंख्याखाली वाळवली, चिरली, कढईत तेलावर परतली, वरून लिंबू पिळलं. अशी सुटी भेंडी जन्मात झालती न्हाई. ताट घेऊन ऐटीत तिच्यापुढं गेलो.

पोरीनं भेंडीत चमचा फिरवला. परत फिरवला.

"तार कुठाय?"

"एक धागा घावणार न्हाई," म्या छाती फुगवली.

"अप्पा, तारंसाठीच तर भेंडी घालतात ह्यात! तिनंच रस्सा दाट होतो!"

आन तोंड धुवायला म्हणून निघून गेली. बाहेर पाहुणे यायला लागलते. पातेल्यात रस्सा पाण्यासारखा हलून राहिलता. माणसानं इथं तरी गप बसावं. पण माझ्या पिशवीत येसर असतंच. भाजलेल्या धान्याचं अन् मसाल्याचं पीठ, आमच्याकडं लग्नातली आमटी त्यावरच दाट होती. दोन ओंजळी सोडल्या. झाला की दाट! असा वास सुटला की नाचणारी पोरं मुखवटे वर करून विचारायला लागली, "कुणाचं लगीन हाय?"

शेफसाहेबांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"आमटी झकास आहे. गंबो कुठंय?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं, पण माझं नाव घेतलं न्हाई. "बिघडलं सर," म्हणली.

मला ऱ्हावलं न्हाई. "साहेब, म्या बिघडवलं. तिला काही म्हणू नका."

"काका, किचन तिचं होतं. तुम्हाला आत तिनंच घेतलं." मंग तिच्याकडं वळले, "उद्या सकाळी मी निघायच्या आधी परत कर. एकटीनं."

सकाळी मी दाराबाहेर बाकड्यावर. आतून भेंडी शिजल्याचा वास आला, परतल्याचा न्हाई. दोनदा उठलो, पण पाय आत टाकला न्हाई. साहेबांनी खाल्लं, तोंडावर काही दिसू दिलं न्हाई. उलटं मलाच आत बोलावलं अन् वाटी हातात दिली.

"काका, तुम्ही सांगा."

चमचा उचलला तर तार वाटीपासून मिशीपर्यंत. असलं लग्नात वाढलं असतं तर वऱ्हाडानं मलाच पातेल्यात घातलं असतं. पोरगी समोर ॲप्रनचं टोक पिळून राहिली होती.

"अप्पा, तोंड सरळ करा," हळूच म्हणली.

म्या तोंड सरळ केलं. गिळलं. वाटी चाटूनपुसून साहेबांपुढं धरली, "आजून वाढा."

साहेब हसायला लागले. "काकांना काही हे आवडलेलं नाही," म्हणले, "म्हणजे आज बरोबर जमलंय. काय गं, हैद्राबादला कधी येतेस?"

पोरगी तिथंच रडायला लागली. आन साहेबांनी माझी वाटी खरंच काठोकाठ भरली. ती बी संपवावी लागली.