तपासणीआधीचे पंधरा दिवस

माझ्या यजमानांची बायपास झाली, त्याला तीन वर्षं होत आली. पायातली शीर काढून छातीत जोडली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, "रक्तातली चरबी वाढू देऊ नका. आतल्या नळ्या नव्या असल्या तरी त्यातही कचरा बसतो. तुमच्या ठिबकच्या नळ्या तुंबतात ना, तसंच." ऊसवाल्याला कळेल असंच ते बोलले. ह्यांनी मान डोलावली. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस मान डोलावण्यात पटाईत असतो.

गोळी जेवणानंतर घ्यायची होती. मी ती ह्यांच्या हातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि भांडी आवरायला वळायची. जन्मभर शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या, पण घरात पाठ फिरवायची नसते हे काही सुचलं नाही.

दर सहा महिन्यांनी फलटणवरून साताऱ्याला जाऊन रक्त द्यायचं. पहिला रिपोर्ट इतका चांगला आला, की मी लेकीला फोनवर एकेक आकडा वाचून दाखवला. शेजारणीलाही सांगितलं. मिरवायची खोड मला पहिल्यापासूनच.

मग एकदा कपडे धुताना ह्यांच्या शर्टाच्या खिशात पांढरा चिखल हाताला लागला. तीन-चार गोळ्या पाण्यात फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. ओला शर्ट घेऊन मी तशीच अंगणात गेले.

"हे काय आहे?"

"अगं, त्या गोळीनं पाय लय दुखत्यात. उसात चालवत न्हाई."

"मग रिपोर्ट चांगला कसा येतो?"

हे चक्क हसले. "पलटणीत मोठा सायेब तपासणीला यायचा, तवा आमी पंधरा दिस आधी चुना मारायला घ्यायचो. झाडांच्या बुडक्यांना बी. सायेब खूश हुऊन जायचा. हितं बी तसंच. पंधरा दिस आधी गोळी सुरू, मटण बंद, अंडं बंद. रिपोर्ट झ्याक!"

पाय दुखतात हे डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील, एवढं साधं माझं म्हणणं होतं. तर म्हणे, फौजी माणूस पायाचं रडगाणं गात नाही. डोक्यात तिडीक गेली. पण पुढचा रिपोर्टही चांगला आला आणि माझा राग निवला. आकडे बरे आहेत म्हणजे आतही बरं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला ती हवीच होती. तपासणीआधी बिनतेलाची भाजी मीच शिजवायची आणि यात्रेत तर्रीचा रस्सा मीच वाढायची. तेव्हा दोष काही एकट्या ह्यांचा नाही.

यंदा उन्हाळ्यात हे चढावर थांबायला लागले. एसटीच्या थांब्यापासून आमच्या घरापर्यंत थोडा चढ आहे. मध्येच उभे राहायचे, दुसऱ्याच्या शेताकडं बघायचे आणि म्हणायचे, "औंदा ह्येचा ऊस बारीक हाय." मीही मुकाट्यानं थांबायची. एकदा मात्र तोंडावर घाम आला आणि हात छातीवर गेला.

"आत्ताच्या आत्ता साताऱ्याला चला," मी म्हटलं.

"आत्ता न्हाई. पंधरा दिस हू देत. आत्ता रक्त दिलं तर समदं उघडं पडंल."

छाती दुखत होती आणि हा माणूस तपासणीची तयारी करत होता. त्याच दिवशी गाडी बोलवायला हवी होती. मी बोलवली नाही. पंधरा दिवस ह्यांच्या तोंडाकडं बघत काढले. हे शिंकले तरी मी दचकायची.

सोळाव्या दिवशी आम्ही गेलो. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"छान आहे. काही त्रास?"

"काय बी न्हाई सायेब."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "गोळ्या रोज घेतात ना?"

हे खिडकीबाहेर बघत होते. चारचौघांत मी ह्यांना कधी खाली बघायला लावलं नव्हतं.

"हो, रोज घेतात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी यायला सांगितलं. परतीच्या एसटीत मला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मी ह्यांच्याकडं मान वळवून बघितलंही नाही.

उतरल्यावर चढ लागला. पहिल्याच विजेच्या खांबापाशी हे थांबले. समोर ऊस होता, पण त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचीच मला भीती वाटली. मी तिथंच पिशवी खाली ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, मघाशी मी तुमच्याशी खोटं बोलले. हे गोळ्या घेत नाहीत. तपासणीच्या आधी पंधरा दिवस तेवढ्या घेतात. आणि ह्यांच्या छातीत दुखतं."

हे फोन हिसकावून घेतील असं वाटलं होतं. हे खाली बांधावर बसले, उतरत्या उन्हात. डॉक्टर पलीकडून विचारत होते, कधीपासून दुखतंय? मी तेच ह्यांना विचारलं.

"सकाळपास्नं," हे म्हणाले. "सायबाच्या म्होरं बसलो हुतो, तवा बी दुखत हुतं. त्ये बी सांग त्येंला."