फांदीने फांदीला ओळखलं, की…

माझी बायको रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणि आई मटार सोलत होतो. ती सेमिनारसाठी लखनौला गेली होती. तिथेच हृदय बंद पडलं. त्यानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या लॅबचा एखादा किस्सा ठेवून जातो. आता पाहुण्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

रंजना चेतापेशींवर काम करायची. एका पेशीला पुष्कळ फांद्या असतात आणि अंगावर प्रथिनांचा एक संच. समोरच्या फांदीवर हुबेहूब तोच संच सापडला, की ‘ही आपलीच’ असं ओळखून फांदी दूर वळते. संच वेगळा असला, तर सलगी चालते.

तिनं हे घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आई तिला म्हणाली, “म्हणजे घरच्यांना बघून वळायचं नि परक्यांशी गप्पा? अगं, हा तर तुझा नवरा!”

*

आमच्या नदीकाठच्या बालाजी घाटावरच्या शास्त्रीबुवांनी रंजनाला एकदा अडवलं. “वहिनी, तुमच्या पेशीला ‘मी कोण’ हे कळतं म्हणे?”

“तेवढं नाही कळत. ‘हा मीच’ इतकं कळतं, आणि ती बाजूला होते.”

“बाजूला होते? मग आमच्या फार पुढे गेली!”

*

पांडे तिचा विद्यार्थी. त्याची पीएच.डी. एकाच प्रश्नावर अडलेली. त्या संचातली प्रथिनं काढून घेतली, की पेशीच्या फांद्या एकमेकींत गुंततात. परत दिली, तर फांद्या सुटतील का?

एकदा तो ओरडतच आला, “मैडम, फैल गई!”

रंजनानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक फांदी खरंच ऐटीत लांब गेली होती.

“पांडेजी, ये शाखा नहीं, आपके मफलर का धागा है!”

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दाराबाहेर मफलर टांगायला खिळा!

*

परवा पांडे लॅपटॉप घेऊन घरी आला. स्क्रीनवर प्रथिनं परत दिलेली पेशी. फांद्या चहूकडे पसरलेल्या.

“अगं बाई, कशी मोकळी झाली!” आई म्हणाली.

“अम्मा, अभी मत कहिए.”

त्यांच्या लॅबचा नियम असा, की एकाच पेशीच्या फांद्यांची आकृती दोघांनी, एकमेकांची न बघता, काढायची. दोन्ही आकृत्या जुळल्या तरच खरं मानायचं. पांडेनं आपली काढली होती. दुसरी नेहमी रंजना काढायची.

“किसी और से बनवा लो,” मी म्हणालो.

“बनवा लेंगे, सर. जल्दी क्या है?” असं म्हणून त्यानं चहाचा कप पुढे ओढला.

ती दुसरी आकृती अजून कोणी काढलेली नाही.