कापलेली पट्टी

आमचं फ्रेमचं दुकान साताऱ्यात. ते वडिलांनी सुरू केलं, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, रिटायर झालेल्या फौजींची मेडलं, सगळं आमच्याकडं यायचं. फ्रेमची पट्टी सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडून दहा-दहा फुटांची येई. आण्णा ती पायानं दाबायच्या मशीनवर कोनात कापत. चार तुकडे ठोकले की कोपऱ्यातला जोड बोटालाही लागत नसे.

मी बी.कॉम. करून गल्ल्यावर बसायला लागलो आणि काही वर्षांनी तो व्यापारी एक प्रस्ताव घेऊन आला. आण्णांना म्हणाला, "आवं, कशाला पाय मोडून घेताय या वयात? मापं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मी कापून पाठवतो. तुमी नुसतं ठोकायचं."

पूर्ण पट्टी फुटाला तीस रुपये आणि कापलेली छत्तीस. आण्णा हसले, म्हणाले महाग आहे. मी मात्र वही काढली. एका मोठ्या फोटोला आठ फूट पट्टी लागते. दहा फुटी घेतली तर तीनशे रुपये जातात आणि दोन फुटांचा तुकडा उरतो. कापलेली घेतली तर दोनशे अठ्ठ्याऐंशी. शिवाय कापायचा वेळ वाचतो तो वेगळाच.

"तुकडे वाया जात नाहीत," आण्णा म्हणाले. "छोट्या तसबिरी होतात त्यांच्या."

"किती होतात, आण्णा? माळ्यावर तीन पोती भरलीत."

त्यांनी चष्मा लावून वही जवळ ओढली. "कापायची मजुरी फ्रेममागं पंचवीस धरलीस?"

"पोरगा ठेवला तर तेवढीच पडेल."

"बरोबर आहे," म्हणाले आणि चहा सांगायला उठले. मला वाटलं, पटलं त्यांना. तीस वर्षांच्या हाताला मी पंचवीस रुपये लावले होते, तेही त्यांच्यासमोर, आणि माझा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता.

मशीन अडगळ झालं. ते त्या व्यापाऱ्यानंच विकत घेतलं. टेम्पो आला त्या सकाळी आण्णांनी मशीनला तेल दिलं, पाती पुसली, गोणपाटानं बांधली आणि हमालांना सांगितलं, "आडवं करू नका." नंतर महिनाभर ते दुकानात येऊन स्टुलावर बसत, काचा पुसत. मग गुडघा दुखतो म्हणून येईनासे झाले. मी मशीनच्या जागी काचेचं शोकेस केलं.

पहिलं वर्ष फार छान गेलं. मी मित्रांना फुशारकीनं हिशेब समजावत असे. मग छत्तीसचे बेचाळीस झाले, बेचाळीसचे बावन्न. पूर्ण पट्टीचा भाव मात्र होता तिथंच राहिला.

त्यातच कोरेगावकडचे एक सुभेदार फोटो घेऊन आले. गावात त्यांचा सत्कार होता, त्या दिवशी फ्रेम हवी होती. सांगलीहून तुकडे आले ते आदल्या संध्याकाळी, आणि पाव इंच आखूड. काच बसेना. पूर्ण पट्टी आणि मशीन हाताशी असतं तर दुसरे तुकडे कापले असते. आखूड तुकड्याचं काही होत नाही. फोन केला तर व्यापारी म्हणाला, "तू दिलेल्या मापानंच कापलंय. दुसरं चार दिवसांनी मिळंल."

आण्णा घरी होते. त्यांच्याकडं जाऊन उपाय विचारायचं धाडस मला झालं नाही. सुभेदार सकाळी फ्रेम न्यायला आले. फोटो काखेत मारून बाहेर पडले आणि समोरच्या दुकानातून प्लॅस्टिकची तयार फ्रेम घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. गोदामात आण्णांचं मशीन भिंतीला लावलेलं होतं, त्यावर एक माणूस एकामागून एक पट्ट्या कापत होता. सातारा, कराड, इस्लामपूर, सगळीकडच्या मापांच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या.

"मशीन परत द्या," मी म्हणालो. "घेतलं त्याच्या दुप्पट देतो."

तो हसला. "आता कशाला इकीन मी? धंदा हाय गड्या. पूर्ण पट्टी घे की, कोण न्हाई म्हणतंय?"

"कापू कशावर?"

"ते तू बघायचं व्हतंस."

त्याचा राग आला, पण त्यानं मला फसवलं असं छातीठोक म्हणता येईना. हिशेब माझाच होता, माझ्याच अक्षरातला.

मी विजेवर चालणारी स्वस्तातली करवत आणली. कोपरे उघडे पडायला लागले, मी त्यांत पुट्टी भरून रंग लावू लागलो. आण्णांना म्हटलं, "एकदा येऊन बघा ना." ते म्हणाले, "बघतो." आले नाहीत.

आणि एक दिवस वाईहून आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचे वडील आमच्याकडच्या फ्रेमवाल्याकडं असतात ना? काय काम आहे हो त्यांचं!"

आण्णा घरी सांगत, देवदर्शनाला वाईला जातो. मी त्या शनिवारी मागोमाग गेलो. घाटाकडं जाणाऱ्या गल्लीत एक लहानसं दुकान. आण्णा बाकावर वाकून हातकरवतीनं पट्टी कापत होते. दुकानदार माझ्यापेक्षा लहान होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. कौतुकानं म्हणाला, "या आण्णांच्या हातून वीतभर तुकडाही वाया जात नाही. मागं लागून बोलावलंय मी त्यांना."

आण्णांनी वर पाहिलं. करवत थांबली नाही.

"घरी चला, आण्णा."

"चार फ्रेमा राहिल्यात," ते म्हणाले. "सहाच्या एसटीनं येतो."

दुकानदारानं मला बसायला स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही.

ते अजून जातात, मंगळवारी आणि शनिवारी. बायको डबा भरून देते. देवाला काय मागितलं, असं आमच्या घरात त्यांना कुणी विचारत नाही.