आत्याच्या उघड्या खिडक्या

एप्रिलमध्ये नागपूरहून बंगळूरला जायला मिळणं ही आमच्याकडे बढतीच समजतात. निघण्याआधी मी कॉलनीत सगळ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगून आलो. बायकोनं बॅगेत स्वेटर टाकला. काम मात्र गंभीर होतं. जयनगरला एकटी राहणारी माझी आत्या भर दुपारी चक्कर येऊन पडली होती. तिचा मुलगा सुहास बंगळूरमध्येच एचएसआर लेआउटमध्ये राहतो. त्यानं फोन केला, "दादा, पुन्हा असं झालं तर मी तिला सरळ माझ्या फ्लॅटवर आणणार. तू समजाव. तुझं ऐकते ती." आत्यानं माझं कधी काय ऐकलं हे मला आठवेना, पण तिकीट काढलं.

"तुंबा सेके, सार," स्टेशनाबाहेर रिक्षावाला म्हणाला (फार उकाडा आहे).

"हम नागपूरवाले हैं भैया, ये तो हमारी जनवरी है," मी ऐटीत म्हणालो. जयनगर येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. आरशात त्याला दिसणार नाही अशा बेतानं मी कडेला सरकून बसलो.

आत्याचं घर तिच्या यजमानांनी, सरकारी कारखान्यात इंजिनिअर असताना, बांधलेलं. छताला पंख्याचे हूकच नाहीत. बंगळूरच्या घरात पंखा म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. त्याऐवजी प्रत्येक भिंतीला मोठाल्या खिडक्या, दिवसभर सताड उघड्या. पूर्वी शेजारी बैठा बंगला आणि फणस होता. आता तिथं उंच इमारत आहे, आणि तिच्या एसींची खोकी आत्याच्या पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून गरम हवा सोडत असतात. पुढचा रस्ता रुंद झाला, तेव्हा झाडांची सावलीही गेली.

आत्यानं चित्रान्न (लिंबाचा फोडणीचा भात) वाढलं. सुहासनं आणलेला टेबलफॅन गरम वाराच इकडून तिकडे करत होता.

"आत्या, खिडक्या लाव की गं. आपल्याकडे दहालाच बंद करतात."

"मला शिकवतोस? लहानपणी सगळे उन्हाळे अंधारात काढलेत मी. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यापेक्षा बंगळूरचा आनंद जास्त झाला होता मला. खिडक्या लावायच्या तर मग इतक्या लांब आले कशाला?"

मी आणखी भात घेतला.

संध्याकाळी सुहास आम्हाला एचएसआरला घेऊन गेला. फ्लॅट थंडगार. त्यानं आत्याला तिची खोली दाखवली. ती थेट खिडकीशी गेली.

"ही उघडते?"

"उघडते, पण उघडायची नाही. एसी असतो ना, आई."

"मग भिंत काय वाईट होती?" ती बाल्कनीत गेली आणि लगेच परतली. "आणि ही गरम हवा कुणाच्या घरात जाते रे?"

सुहास कसंनुसं हसला. "सगळ्यांचीच सगळ्यांकडे जाते."

परतल्यावर घराचं कुलूप काढताना आत्या म्हणाली, "तिकडे खिडक्या कायमच्या बंद. इथं निदान संध्याकाळी उघडता येतील." दार ढकलत म्हणाली, "दुपारच्या पडद्यांना जाड कापड लागेल. उद्या चिकपेटला जाऊ."

मेट्रोतून चिकपेटला उतरलो तोवर सगळं छान होतं. बाहेर आल्यावर कापडाच्या गल्ल्यांत हवा हलत नव्हती. टोपी मी मुद्दाम घरी ठेवली होती. बंगळूरच्या उन्हाला कसली टोपी! तिसऱ्या दुकानात डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी गाठोड्यांवर बसलो, म्हणजे पडलोच.

"अण्णा, स्वल्प नीरु कोडी!" आत्यानं दुकानदाराकडे पाणी मागितलं आणि पडद्याच्या कापडानंच मला वारा घालू लागली. "आमचा भाचा. नागपूरचा आहे," तिनं त्याला कन्नडमध्ये सांगितलं. दुकानदार का हसला ते मला भाषा येत नसूनही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. आत्या उठली आणि एकेक खिडकी लावू लागली. पूर्वेची आधी, मग दक्षिणेची. मागच्या दाराला ओलं पोतं टांगलं. रात्री हातानं शिवलेले पडदे ओढून फटी बोटानं चाचपल्या. हात काही विसरला नव्हता. शेवटच्या खिडकीपाशी ती थांबली.

"पाहुणे म्हणायचे, खिडक्या लावा हो, थंडी वाजते. हे ऐकायचे नाहीत." मग तिनं त्या खिडकीलाही कडी घातली.

दुपारी घर सुसह्य होतं. आत्या जमिनीवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी सुहासला तसं कळवलं. "सरी (बरं)," तो म्हणाला, "मग या उन्हाळ्यात राहू दे तिला तिथंच."

परतीच्या गाडीत मला बरं वाटत होतं. मोहीम फत्ते झाल्यासारखं मात्र नाही. पडद्यांनी खोली निवते, रस्ता नाही. पुढच्या वर्षी तिला बहुधा नऊलाच खिडक्या लावाव्या लागतील. घर तिनं सोडलं नाही, आणि ज्या उन्हाळ्यापासून ती एवढ्या लांब आली होती तो तिच्या दारात येऊन राहिला.