हरणाबाईनं लावलेला पहारा

सांगलीच्या कॉलेजात आम्ही मानसशास्त्र शिकलो, पण त्यातला समाजाचा धडा मला दिला तो जत तालुक्यातल्या हरणाबाईनं. मेंढरं राखणारी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि समोरच्याच्या शिक्षणाचा मुलाहिजा न ठेवता झापणारी. तिची आठवण आली की आजही जीव हळवा होतो.

१९९४चा उन्हाळा. कॉलेजातल्या आपटे मॅडमनी आम्हा पाच-सहा जणींना अभ्यासासाठी हरणाबाईच्या गावात पाठवलं. प्रश्नावल्या काखोटीला मारून आम्ही एसटीतून अशा ऐटीत उतरलो, जणू गाव आमचीच वाट बघत होतं.

गावात टँकर रोज यायचा, पण कधी ते त्याच्या मर्जीवर. तो विहिरीत पाणी ओतून गेला की अर्ध्या तासात तळ दिसायचा. क्रांती नावाच्या वीस वर्षांच्या सुनेनं याचा धसका घेतला होता. नवरा फौजेत, पाण्याचं काम तिच्याच गळ्यात. कुठलाही ट्रक वाजला की ती "टँकर आला!" ओरडत घागर घेऊन पळायची. तिच्या मागं दोनदा अख्खं गाव फुकट पळालं. बायका तिला येडी म्हणायला लागल्या. सासू मनुबाईनं ठरवूनच टाकलं होतं, सोमवारी हिला माहेरी पोचवायची, ती कायमचीच.

मीही प्रश्नावलीत क्रांतीच्या नावापुढं ठसठशीत लिहिलं, 'चिंताविकार. समुपदेशन आवश्यक.' फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

हरणाबाईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"टँकर कवा येतुया, कुणाला ठावं हाय का गं पोरी?"

"नाही."

"मग दिसभर कान टवकारून कोण बसतंय?"

"सगळ्याच बायका."

"आन् येडी तेवढी हीच व्हय?"

मला लय लाज वाटली. प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळपर्यंत हरणाबाई घरोघर फिरली. रोज एका घरानं वेशीवरच्या कडुलिंबाखाली बसायचं, टँकर दिसला की थाळी वाजवायची. बाकीच्यांनी निवांत आपापली कामं करायची. सगळ्यांना पटलं. पण पहिला दिवस तिनं क्रांतीला दिला, तशा बायका खवळल्या.

"आवं हरणाबाई, हिच्या थाळीवर कोण पळंल?" मनुबाई म्हणाली.

"पळायचं का न्हाई ते तवा बघा. बसंल तर तीच."

दुसऱ्या दिवशी मी क्रांतीशेजारी बसले होते. दुपारी दोन ट्रक हॉर्न वाजवत गेले. बायका दारात येऊन तिच्याकडं बघत होत्या. क्रांती ताडकन उठली, पण कपाळावर आडवा हात धरून तिनं नीट बघितलं आणि ती परत खाली बसली. चारच्या सुमारास रस्त्यावर धुरळा उठला. ती उभी राहिली, खात्री करून घेतली आणि थाळी बडवायला लागली.

गल्लीत कुणी हललं नाही. क्रांती बडवतच राहिली. मग एक बाई घागर घेऊन धावत सुटली आणि तिच्या मागं सगळं गाव निघालं.

पुढं पळणारी ती बाई मनुबाई होती.